गालाला लावलेली बरणी

भट्टीतून ठप्प असा आवाज आला तेव्हा सून माती मळत होती आणि सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून ते मळणं कसं चुकतंय हे सांगत होत्या. रोजचाच कार्यक्रम होता तो. आवाजासरशी एकीचे हात थांबले आणि दुसरीची जीभ थांबली. यातली दुसरी गोष्ट त्या घरात फार क्वचित घडायची.

"मांजर असेल," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने मान डोलावली आणि पुन्हा गोळ्यावर अंगाचा भार टाकला. घराच्या आसपास मांजर नव्हतं. शेजारच्या कुत्र्याने तशी सोयच ठेवली नव्हती. पण आपल्याला जे ऐकायचं असतं ते दुसरं कोणी बोललं की उलटतपासणी कशाला घ्या, म्हणून तिनेही ते मांजर पदरात पाडून घेतलं.

भट्टीत काय होतं ते आधी सांगायला हवं. वाट्या होत्या, कप होते, थोड्या ताटल्या होत्या. हे सगळं सुनेच्या हातचं, त्यामुळे त्यातलं काही फुटलं असतं तरी कोणाचं जेवण अडलं नसतं. पण एका बाजूला, तळापासून झाकणापर्यंत जागा अडवून, एक मोठी बरणी बसली होती. ती सासूबाईंच्या हातची होती, आणि ती शेवटची होती.

गल्लीत सासूबाईंना कारखानदारीणबाई म्हणत. कारखाना म्हणजे घरामागची एक लांबोडी खोली, एक चाक, मातीचा हौद आणि कोपऱ्यातली विजेची भट्टी. बाईंचा आवाज मात्र खऱ्या कारखान्याला शोभेल असा होता. थंडीच्या तोंडावर त्यांनी ही बरणी चाकावरून उतरवली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, "उद्या तळ तासू," असं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा उजवा हात उशीवरून उठायलाच तयार होईना. झटका सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. पाय सुधारला. तोंड तर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. हात तेवढा परत आला नाही. गरगर फिरणारा मातीचा गोळा ज्या हाताने नुसता दाबला की जागच्या जागी स्थिर व्हायचा, त्या हाताला आता चमचा पेलत नव्हता. त्या रडल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या, सख्ख्या नातेवाइकाने फसवल्यासारख्या.

बरणी प्लास्टिकखाली तशीच ओलसर राहिली. तिला हात लावायचा धीर कोणाला होईना. शेवटी एक दिवस जेवताना सासूबाईच बोलल्या.

"ती काय म्हातारी होईपर्यंत झाकून ठेवणार आहेस? घरात मी एक झाले तेवढी पुरे. तळ तास, कान लाव, वाळव आणि भाज. मी मधे बोलणार नाही."

सुनेचा नवरा घास हातात धरून आईकडे बघत राहिला. मी मधे बोलणार नाही हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

आणि त्यांनी ते पाळलं. सुनेने बरणी चाकावर उपडी धरली आणि तळाची जास्तीची माती पात्याने तासली. मग कान लावायच्या जागा ओरखडल्या, त्यावर पातळ चिखलाचा हात फिरवला आणि दोन्ही बाजूंना कान चिकटवले. सासूबाई शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त खोकल्या. एक कान तिरका बसत होता तेव्हा जास्त खोकल्या, आणि तो सरळ होईपर्यंत त्यांचा खोकला काही थांबला नाही.

मग वाळवणं आलं. कच्च्या भांड्यात ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती भांडं फोडून वाट करून घेते. भांडं पुरतं वाळलंय का हे बघायला या घरात एकच यंत्र होतं, ते म्हणजे गाल. भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे, आणखी थांबायचं. हाताचा भरवसा नाही, हात दिवसभर चिखलात असतो. गाल खोटं बोलत नाही, असं सासूबाई प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगायच्या. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक ओला माठ गालाला लावायला दिला होता. माहेरी फोनवर हे कसं सांगावं ते त्या बिचारीला कळेना.

भट्टी भरायच्या दिवशी सुनेने अंगणातल्या नळावर चिखलाच्या बादल्या धुतल्या, आत आली, बरणी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या तळाला गाल लावला. गार लागली नाही. नेमकी तेव्हा सासूबाईंना खोकल्याची मोठी उबळ आली. सुनेने धावत जाऊन त्यांना गरम पाणी आणून दिलं आणि बरणी भट्टीत ठेवली.

सासूबाईंची पद्धत अशी की पूर्ण तापवण्याआधी भट्टी रात्रभर अगदी मंद ठेवायची आणि झाकणाखाली विटेचा तुकडा सरकवायचा, म्हणजे उरलीसुरली ओल निघून जाते. सगळं वाळलंयच म्हटल्यावर सुनेने हा सोपस्कार वगळला. सकाळी आली आणि बटण फिरवलं. भट्टीची कड हाताला जराशी कोमट लागली खरी, पण त्या वाऱ्यात अंगण ओलांडून आलेल्या हाताला दगडसुद्धा कोमट लागला असता.

तर अशी भट्टी तापत होती, आणि त्यातून तो ठप्प आवाज आला होता.

दुपारी सून पुन्हा बादली घेऊन नळावर गेली. वारा असा होता की नाक आहे की गळून पडलंय हे चाचपून बघावं लागत होतं. आत आली, आणि फळीवरची एक वाटी खिडकीत सरकवायला म्हणून उचलली. कालच चाकावरून उतरवलेली वाटी. सवयीने गालाला लावली. गार लागली नाही. तिला बरं वाटलं, आणि तेवढ्यात कडेला टेकलेलं तिचं बोट त्या कडेत रुतलं.

ती जागच्या जागी उभी राहिली. वाटी ओलीचिंब होती. गाल सांगत होता वाळलीय. कारण गालच इतका गार होता की त्याला काहीच गार लागत नव्हतं. आणि त्या दिवशीही ती नळावरूनच आली होती. बरणी गालाला लावली तेव्हाही हाच गाल होता, असाच.

ती भट्टीपाशी धावली. बघायच्या भोकातून आत लाल दिसत होतं. आता बंद करूनही काही उपयोग नव्हता, वाफेची वेळ केव्हाच होऊन गेली होती. तिला ते मांजर आठवलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. नवरा शाळेची बस चालवायचा. पुढे रस्ता बंद आहे असं दहा जणांनी सांगितलं तरी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय गाडी वळवायची नाही, असा त्याचा स्वभाव.

"मी आईंची बरणी फोडली," ती म्हणाली.

"बघितलीस?"

"बघायला कशाला हवी? आवाज ऐकला मी."

"मग अजून फुटली नाही," तो म्हणाला आणि कांदा चिरत राहिला. "आईला सांग."

"सांगणारच आहे. उद्या, उघडायच्या आधी. अरे, त्यांच्या हातचं यापुढे काही होणार नाही. तेवढी एक होती, ती माझ्या स्वाधीन केली त्यांनी." नवरा काहीतरी बोलायला गेला, थांबला, आणि डोळे चोळायला लागला. कांदा होताच हाताशी.

भट्टी निवायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. सासूबाई सकाळपासून विचित्र वागत होत्या. आधी म्हणाल्या, "तू बाजारात जाऊन ये, भट्टीचं मी बघते." मग म्हणाल्या, "माहेरी बऱ्याच दिवसांत गेली नाहीस." लग्नानंतर इतक्या वर्षांत सासूबाईंनी आपण होऊन माहेरचं नाव काढल्याचं सुनेला आठवत नव्हतं. यांना कळलंय, तिच्या मनात आलं. कळलंय, आणि खापऱ्या आपल्या आपण उचलाव्यात म्हणून मला घालवतायत. या विचाराने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, बरणी ओली होती. मी नळावरून आल्या आल्या गाल लावला. काल आवाज आला तो मांजराचा नव्हता. तुम्ही एक वस्तू दिलीत सांभाळायला, तेवढीही माझ्याने झाली नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं.

"आधी उघड," त्या म्हणाल्या.

झाकण उचललं आणि पहिल्यांदा दिसल्या त्या खापऱ्याच. वरच्या फळीवर, कपांमध्ये, बरणीच्या खांद्यावर, सगळीकडे. एका कपाचा कान उडाला होता. सुनेने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड," सासूबाई मागून म्हणाल्या. "आणि ती खापरी हातात घे. इतकी जाडजूड बरणी मी जन्मात कधी केलीय का?"

खापरी खरंच अंगठ्याएवढी जाड होती. सुनेने ती बाजूला केली, मग दुसरी, मग तिसरी. खाली बरणी होती. तोंड शाबूत, दोन्ही कान जागेवर. तिने दोन्ही हात आत घालून ती उचलली, टेबलावर ठेवली, सगळीकडून फिरवून पाहिली आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. बरणी खणखणीत वाजली. कुठे तडा नाही, केसाएवढी चीर नाही.

सून तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा कोणी उचलून नेल्यासारखं झालं होतं, आणि सुटल्याचं रडू आवरायचं तरी कशाला? सासूबाईंनी तिला रडू दिलं. हेही त्या घरात नवीनच होतं.

"पण ती ओली होती," जरा वेळाने सून नाक पुसत म्हणाली. "कशी वाचली?"

"नाक लालेलाल करून आलीस आणि बरणीला गाल लावलास. त्या गालाला काय कळणार होतं? खोकले होते की मी."

"मी गरम पाणी आणून दिलं."

"दिलंस. प्यायले. आणि तू झोपायला गेल्यावर भट्टी मंद लावली. झाकण तुझ्या नवऱ्याने उचललं, विटेचा तुकडा त्यानेच सरकवला. मी बसले राखणीला. पहाटे बसवर जाताना त्याने सगळं होतं तसं करून ठेवलं."

"म्हणजे ह्यांना माहीत होतं?"

"त्याला शपथ घातली होती. बोलणार नाही म्हटलं होतं ना मी, मग माझा मुलगा कसा बोलेल? तू मनाला इतकं लावून घेशील हे मात्र ध्यानात आलं नाही. चुकलंच माझं."

नवऱ्याचं काय करायचं ते संध्याकाळी ठरणार होतं. सुनेने हातातली जाड खापरी उलटसुलट केली.

"मग फुटलं ते काय?"

सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "वाटी होती."

"माझ्या सगळ्या वाट्या इथे आहेत. कोणाची वाटी?"

"होती एकीची."

खापरीच्या आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता. खोल आणि वेडावाकडा, लहान मुलाने दाबावा तसा. सुनेने आपला उजवा अंगठा त्यात बसवून पाहिला. बसेना. मग डावा बसवला, तो बरोबर बसला.

"राखणीला बसून नुसतं करायचं काय?" सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "हाताशी गोळा होता. घेतला मांडीवर आणि दाबत बसले. चाक नाही, काही नाही. झाली कशीबशी वाटीसारखी. पहाटे झाकण उघडं होतंच, म्हटलं ठेवून द्यावी वर. कोणाच्या नजरेला पडायच्या आत भाजून तरी निघेल."

"आई, म्हणजे ओलीच ठेवलीत?"

"जराशी ओलसर होती."

"जराशी?"

"पाणी गळत नव्हतं."

ओलं भांडं भट्टीत घातलं म्हणून याच बाईंनी एका शिकाऊ माणसाला दाराबाहेर पोचवलं होतं. सुनेला हसू आवरेना. "आई, ही तर पहिल्या दिवशीची चूक झाली."

"मग?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डावा हात मांडीवरून उचलून तिच्यासमोर धरला. "याचा पहिलाच दिवस होता."

सून उठली, हौदातून माती काढली, मळायला घेतली, आणि या वेळी ते मळणं चुकतंय असं कोणी म्हणालं नाही. बुडबुडा राहू नये म्हणून गोळा तारेने मधोमध कापून पाहिला, पुन्हा एक केला आणि सासूबाईंच्या मांडीवरच्या फळीवर ठेवला. शेवटची म्हणून जपलेली बरणी टेबलावर उभी होती. आता ती शेवटची नव्हती, नुसती एक चांगली बरणी होती, आणि सुनेला ती तशीच जास्त आवडली.

संध्याकाळपर्यंत एक वाटी झाली. एका बाजूने फुगलेली, कड खालीवर, तळाला लागेल त्यापेक्षा दुप्पट माती. सुनेने अजून कोमट असलेल्या भट्टीजवळ बसून चेहरा चांगला उबदार होईपर्यंत शेकला आणि मगच वाटी गालाला लावली.

"कशी आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"गार आहे, आई. चांगली गार आहे. आठवडाभर तरी हिला हात लावायचा नाही."

सासूबाई खोकल्या.

"गरम पाणी आणू?" सून म्हणाली आणि वाटी उचलून वरच्या फळीवर, त्यांचा हात पोचणार नाही अशी ठेवली.