बिनभोकांची इस्त्री

मित्रांनो, मी अंबरनाथच्या भीमरावांच्या घरातली एक जुनी इस्त्री आहे. वजनाला भारी, तळाला सपाट, वाफेचं एकही भोक नाही. भीमरावांचे कारखान्याचे कपडे मी वर्षानुवर्षं कडक केले, बुद्धपौर्णिमेचा पांढरा सदराही. मग वाफेची इस्त्री आली आणि मी माळ्यावर गेले. राग आला नाही असं म्हणणार नाही.

मला खाली काढलं त्यांच्या मुलीनं, यशोधरानं. तिला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. सर्किटचं चित्र ती संगणकावर काढते, गुळगुळीत कागदावर छापते आणि तो कागद तांबं चढवलेल्या पाटीवर पालथा घालते. वरून मला दाबलं की शाई तांब्याला चिकटते. मग पाटी तपकिरी द्रावणात बुडवायची. शाईखालचं तांबं तेवढं राहतं. या कामात वाफेची भोकं आड येतात, म्हणून माझी आठवण झाली.

भीमरावांचे कान कारखान्यातल्या आवाजानं गेले. दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नाही. एकदा किल्ली विसरलेली यशोधरा संध्याकाळभर दार बडवत बाहेर उभी होती. आता तिला पुण्यात नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं, आणि मागे वडील एकटे. घंटा दाबली की घरात दिवा लुकलुकेल, असं सर्किट तिला जाण्याआधी करायचं होतं. रविवारी ती कामाला बसली. पाट्या मिळतात ते उल्हासनगरचं दुकान बंद, आणि घरात पाटी एकच.

त्यातच तिनं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुनं वर्गणी मागू लागलं, म्हणून हे फुकटचं. जुन्यात चित्र आपोआप उलटं छापलं जायचं, म्हणजे पाटीवर सुलटं उमटायचं. नव्यात ते सांगावं लागतं. ती विसरली. मी तापत होते आणि कागदाच्या कोपऱ्यातलं तिचं नाव मला सरळ वाचता येत होतं. पण इस्त्री बोलणार कशी?

पाटी द्रावणातून निघाली.

"अरे यार! मिरर करायचंच राहिलं!"

भीमराव ओठांकडे बघून समजून घेतात. "काय झालं गं?"

"सगळं उलटं उमटलं, पप्पा." ती पाटी हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "थांबा. पार्ट मागून बसवतात ना, ते मी पुढून बसवते. तांब्याच्याच बाजूनं. मग डावं-उजवं परत जुळेल."

सोमवारी खांद्याला बॅग लावून ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि घंटा दाबली. भीमराव पाठमोरे बसले होते. समोरच्या भिंतीवर दिवा लुकलुकला. ते उठले, दार उघडलं आणि तिला आत ओढून रडले. मलाही फार बरं वाटलं.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिला एकदा नीट बघा. आणि मला कागदावर टेकवण्याआधी त्यावरचं नाव वाचा. सरळ वाचता आलं, तर थांबा.

सर्किटची पारदर्शक डबी भीमरावांनी मुद्दाम आरशासमोर लावली आहे. पाटीवरचं लेकीचं नाव उलटं आहे, पण सकाळी दाढी करताना ते त्यांना आरशात सुलटं दिसतं. घंटा कुणी दाबलेली नसली, तरी ते तिकडे बघतात.