भिंगाच्या अलीकडचा माणूस

“नवरीचे कपडे कुठल्या रंगाचे होते हो?”

मित्रांनो, हा प्रश्न मी दर लग्नानंतर ऐकत असे. विचारणारी माझ्या मालकांची बायको. आज ती या जगात नाही. मी आहे. खांद्यावर वागवायचा, कॅसेट गिळणारा, वजनदार जुना व्हिडिओ कॅमेरा.

एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडले. पण माणसाची ऊब पहिल्यांदा लागली ती मालकांच्या गालाची. लग्नाचे शूटिंग हा त्यांचा धंदा. उजवा डोळा माझ्या काचेला लावायचा, डावा गच्च मिटायचा आणि हॉलभर फिरायचे. त्या इवल्या काचेत सारे जग काळे-पांढरे दिसे. म्हणून बायकोने रंग विचारला की मालक डोके खाजवत.

“थांब, कॅसेट लावून सांगतो.”

“म्हणजे दिवसभर तुम्ही होतात कुठे?” असे म्हणून ती भांडी विसळता विसळता ओवी जुळवी:

लोकांच्या लग्नाला । माझा सखा रोज जातो
रंग विचारू जाता । टेप लावून पाहतो

काय माझा थाट होता तेव्हा! मी नुसता वळलो तरी माणसे केस सावरत, पोट आत घेत. पंगतीकडे वळलो की घास तोंडाशीच थांबत. नवरीला निरोप देताना सगळे रडत, तेव्हा मालकांचा गालही माझ्या अंगाला ओला लागे. पण त्यांनी मला कधी हलू दिले नाही.

पुढे तळहातावर मावणारे कॅमेरे आले आणि माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली. दुकानात आलेली मुले विचारत, “हे काय आहे?” मालक म्हणत, “आमचे आजोबा!” सगळे हसत. मीही ते हसण्यावारी नेई. पण संध्याकाळी शटर खाली आले की धूळ तेवढी माझ्याजवळ येऊन बसे. तिला बोलता येत नाही, आणि मला बोलवत नाही.

मग मालकांच्या एकुलत्या लेकीचे लग्न ठरले. व्हिडिओ कोणत्या पद्धतीचा करायचा, ते ठरवायला एक व्हिडिओवाली मुलगी लॅपटॉप घेऊन दुकानात आली. समोर लेक आणि होणारे जावई. मालक बाजूला स्टुलावर.

“ही सिनेमा स्टाइल. तुम्ही लांबून धावत येणार, स्लो मोशनमध्ये. मागे गाणं.”

“धावत?” जावई दचकले. “अहो, मी बस पकडायलाही धावत नाही.”

“म्हणून तर तुझ्या तीन बस चुकतात,” लेक म्हणाली.

“मग ही बघा, घडेल तशी. कुणाला उभं करायचं नाही, काही पुन्हा करायला लावायचं नाही. माणसं बोलतील, हसतील, तेच ठेवायचं.”

लेकीने एकदम टाळी वाजवली. “अगं, ही तर बाबांची स्टाइल! बाबा, तुम्हीच करा ना माझं शूटिंग. आपल्या आजोबा कॅमेऱ्याने!”

व्हिडिओवालीने लॅपटॉप मिटला. “काका, दारात विहीर असताना मला पाणी विकायला कशाला बोलावलंत?”

मालक हसले. जरा उशिराच हसले. “बरं. तू म्हणशील तसं.”

मित्रांनो, कॅसेट फिरवणाऱ्या माझ्या जुन्या चाकांत जीव आला! मालकांनी मला बाहेर काढले, मऊ फडक्याने पुसले, वायर जोडली. चालतो का बघायला घरची एक कॅसेट लावली. टीव्हीवर लेकीचा वाढदिवस आला. तिची आई तिला झोका देत होती. शाळेचा पहिला दिवस आला. आई दप्तर सावरत होती. मग दुसरी कॅसेट, मग तिसरी.

“बाबा कुठेच दिसत नाहीत?” जावयांनी विचारले.

“बाबा कसे दिसतील? ते शूटिंग करत होते ना!” लेक सहज म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. तिने कॅसेट मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. आई होती, ती होती, शेजारपाजारचे होते, कुणाचे तरी मांजरसुद्धा होते.

मलाही तेव्हाच उमगले. मी त्यांच्या इतका जवळ होतो, की ते मला कधी दिसलेच नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरून अधूनमधून मऊ फडके फिरवत जा, एवढे तर मी मागणारच. पण तुमच्या घरीही सगळ्यांची चित्रे काढणारे कुणी असेल. एखाद्या दिवशी त्याच्या हातातला कॅमेरा आपल्या हातात घ्या. त्यासाठी माझ्यासारख्याला कपाटात परतावे लागले, तरी चालेल. थोडे दुखेल, पण चालेल.

मालकांनी टीव्ही बंद केला. वायर गुंडाळता गुंडाळता, लेकीकडे न बघता, ते हळूच म्हणाले, “बाळ, मघाशी तुझं मन मोडवेना म्हणून हो म्हटलं. पण मला नाही गं करायचं तुझं शूटिंग. मला तुझ्याशेजारी उभं राहायचंय.”