पेठे काकांचा तक्ता

"गिरणी काढायची?" ऐश्वर्याने दळणाचा डबा तसाच हातात धरून विचारलं. "आणि लोकांनी गहू कुठे न्यायचे?"

दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर गुरुदत्त पेठे बसले होते. मांडीवर पुठ्ठ्याची फाइल, तीत पट्टीने आखलेला तक्ता. गिरणी चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागत होतं आणि ओरडणं पेठ्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी खुणेनेच तिला बटण बंद करायला लावलं.

"ताई, असं बघा. आमच्या सोसायटीचे एकशे बारा फ्लॅट. सगळ्यांनी महिन्याचं सामान एकाच दुकानातून घ्यायचं आणि दुकानदाराने पाच टक्के कमी लावायचे, असं कमिटीत ठरलंय. लोकांना आता चार ठिकाणी फिरायला नको असतं. किराणा, भाजी, दूध, साबण, मुलांच्या वह्या, सगळं एकाच ठिकाणी हवं. तुमचा माल चांगला, भाव वाजवी. पण भाजी नाही, दुधाचा फ्रीज नाही. का नाही? तर जागा नाही. आणि जागा कुणी अडवलीय?"

तिघांनीही गिरणीकडे पाहिलं. डोंबिवलीच्या त्या गल्लीत, सोसायटीच्या अगदी फाटकासमोर, तानाजीचं दुकान अकरा वर्षं होतं. पुढे तानाजीचा किराणा, मागे त्याच्या बायकोची गिरणी.

"काका बोलतात त्यात पॉइंट आहे," तानाजी काउंटरवरून म्हणाला.

"कसला पॉइंट? बायका दळण टाकायला येतात म्हणून जाताना रवा नेतात, तेल नेतात. उद्या गिरणी नसली तर इकडे कोण फिरकणार?" ऐश्वर्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं, त्यामुळे ती रागावली की जास्तच म्हातारी दिसायची.

"पण ताई, तक्त्यात गिरणीचा रकानाच नाही," पेठे म्हणाले.

असं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं नसतं. त्यासाठी ठाण्याच्या सरकारी कचेरीत, भांडार विभागात, चौतीस वर्षं कारकुनी करावी लागते. खुर्च्या घ्यायच्या असोत की फिनेल, तीन दुकानांची दरपत्रकं मागवायची आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, हे पेठ्यांचं काम. त्यांच्यासारखा स्वच्छ तक्ता साऱ्या कचेरीत कुणाला जमत नसे. आता दुकान आधी ठरायचं आणि दरपत्रकं मागून यायची, ही गोष्ट वेगळी. कधीकधी तिन्ही दरपत्रकं एकाच माणसाच्या हस्ताक्षरात असत. पेठ्यांना ते दिसायचं. ते रकाने आखायचे, बेरजा मारायचे, साहेबांना आवडेल ते नाव सगळ्यात वर येईल अशी मांडणी करायचे आणि सव्वासहाला घरी निघायचे. एक रुपया त्यांनी कधी खाल्ला नाही. तोंडही कधी उघडलं नाही.

त्यामुळे सोसायटीचा सेक्रेटरी साकेत जेव्हा घरी येऊन म्हणाला, "काका, तीन दुकानं आहेत, समोरचं तानाजीचं, स्टेशनजवळचं जुनं आणि कोपऱ्यावरचा नवा मार्ट. तुम्ही प्रॉपर कम्पॅरिझन करून द्या, तुमचा शब्द फायनल," तेव्हा म्हातारा हुरळला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे खरा तक्ता मागत होतं.

तीन महिने ते या कामाला लागले होते. तिन्ही दुकानांतून अर्धा अर्धा किलो तूरडाळ आणून त्यांनी मंदाकिनीबाईंना ती वेगवेगळी शिजवायला लावली आणि स्वतः गॅसजवळ उभं राहून शिट्ट्या मोजल्या. पोह्यांतला भुसा काढून वजन केलं. साबणाच्या वड्या एकाच दिवशी वापरायला काढल्या आणि कुठली आधी झिजते ते पाहिलं.

"अहो, एवढं बघून तर माझ्याशी लग्नसुद्धा केलं नव्हतंत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. पण निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत नवरा पहिल्यांदाच दुपारचा झोपत नव्हता, म्हणून त्यांनी तिन्ही डाळी निमूट शिजवल्या.

डाळीत तीन शिट्ट्यांवर तानाजी पहिला आला. पोह्यांत, तेलात, वजनाच्या चोखपणातही तोच. कमी पडत होता तो फक्त एका रकान्यात, 'सर्व वस्तू एकाच जागी.' तेवढ्यासाठी पेठ्यांनी ती फाइल घेऊन दुकान गाठलं होतं.

"तेवढं करा तानाजी, आणि तुमचंच नाव लागलं असं समजा. मी शब्द देतो."

तानाजीने बायकोकडे पाहिलं. तिने डब्यातले गहू गिरणीत ओतले आणि बटण दाबलं.

पंधरा दिवसांत गिरणी गेली. खडवलीचा एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि दगड, पट्टा, मोटर, सगळं उचलून घेऊन गेला. मागच्या भिंतीला पांढरा रंग लागला, काचेच्या दाराचा फ्रीज आला, भाजीच्या जाळ्या आल्या. तानाजी पहाटे चारला उठून कल्याणच्या मार्केटात जाऊ लागला आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर मेथी, टोमॅटो, फ्लॉवर लादून आणू लागला. गिरणीवरची ऐश्वर्या आता भाजीवर बसली. पेठे रोज सकाळी डोकावून जात. "वा, छान मांडलंय," म्हणत. दहापैकी दहा गुण त्यांनी त्या रकान्यात शाईने भरले आणि तक्त्याखाली शेवटची ओळ लिहिली : 'शिफारस – तानाजी यांचे दुकान.' खाली सही, तारीख. साकेतच्या हातात कागद देताना त्यांना कुणाचं तरी कन्यादान करतोय असं वाटलं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिटिंग झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर पडदा लावला होता. साकेतने लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर पेठ्यांचा तक्ता आला. त्यांनी चष्मा पुसला. तक्ता त्यांचाच होता, फक्त शेवटी तीन रकाने वाढले होते : पार्किंग, वातानुकूलन, सोसायटीस लाभ. तिन्हींत तानाजीला शून्य होतं. बेरजा बदलल्या होत्या आणि खालची शिफारशीची ओळ कुठेच नव्हती.

"पेठे काकांनी तीन महिने अभ्यास केलाय," साकेत सांगत होता. "त्यांच्या तक्त्यानुसार कोपऱ्यावरचा मार्ट नंबर वन येतो. शिवाय ते आपल्याला गेटची कमान बांधून देतायत आणि आठ कॅमेरे. काका, तुमच्यामुळे काम सोपं झालं. एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या काकांसाठी!"

पेठे उठले. त्यांना बोलायचं होतं. हा माझा तक्ता नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द, पण ते ओठांपर्यंत यायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, काका टाळ्या स्वीकारायलाच उभे राहिलेत. शेजारचे हसून त्यांच्या पाठीवर थोपटू लागले. शंभरेक माणसं आपल्याकडे बघतायत हे पेठ्यांना जाणवलं आणि कचेरीत साहेब काही म्हणाले की आपोआप व्हायचं तेच झालं. त्यांनी हात जोडले, मान थोडी लववली आणि ते खाली बसले.

त्या रात्रभर त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या. पण त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

चार दिवसांनी तक्त्याची आपल्याकडे ठेवलेली प्रत घेऊन ते तानाजीकडे गेले. तोपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज कुणीतरी तानाजीला पाठवला होता : 'पेठे काकांच्या सखोल अभ्यासानंतर आपण मार्टची निवड केली आहे.' ऐश्वर्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. निम्म्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"तानाजी, हे बघा," पेठ्यांनी कागद काउंटरवर पसरला. "मी तुमचंच नाव लिहिलं होतं. ही माझी सही. त्यांनी मागाहून रकाने वाढवले."

तानाजीने कागद वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"हां, लिहिलंय," तो म्हणाला. "मग काका, मिटिंगमध्ये उठून बोललात का तुम्ही?"

पेठे कागदाची दुमडलेली कड सरळ करू लागले.

"नाही, मी आपलं विचारतोय. बोललात का काही?"

"उठलो होतो मी. पण... टाळ्या वाजत होत्या हो."

ऐश्वर्याने पाणी मारायचं थांबवलं. हसेल की रडेल असं क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहून वाटलं, पण तिने दोन्हीतलं काही केलं नाही. "खडवलीला फोन केलेला आम्ही," ती म्हणाली. "गिरणी परत देतोस का विचारलं. तो बोलला, बसवली पण, रोजचं मणभर दळण येतंय."

तानाजीने तक्त्याची नीट घडी घातली आणि ती पेठ्यांच्या हातात दिली. "ठेवा काका. मेहनत केलीय तुम्ही." मग तो मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला. गिऱ्हाइकाला एक काडेपेटी हवी होती.

त्या महिन्याचं सामान पेठ्यांनी तानाजीकडूनच घेतलं. पुढच्याचंही. यादीत नसलेल्या वस्तूही घेतल्या, मऊ पडलेले टोमॅटो न निवडता घेतले. मंदाकिनीबाई ते निमूट चिरत होत्या. पण दुकानात शिरलं की ऐश्वर्या काही न बोलता भाजी तोलायची, आणि ते न बोलणं पेठ्यांच्याने सोसवेना. तिने चार शब्द सुनावले असते तर ते रोज गेले असते. आपण बोलू शकलो नाही त्या जागी ती बोलायला हवी होती, अशी त्यांची विचित्र अपेक्षा होती.

हळूहळू ते सोसायटीच्या मागच्या फाटकाने ये-जा करू लागले. मंदाकिनीबाईंनी एकदा विचारलं, "तिकडून लांब नाही का पडत?" पेठे म्हणाले, तेवढंच चालणं होतं.

"मग सामान कुठून आणणार या महिन्याचं?" त्यांनी यादी पुढे केली. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्या पुन्हा म्हणाल्या, "अहो, तानाजीचं दुकान काही बंद नाही झालेलं. सकाळीच दिसला मला. जा आणि सामान घेऊन या. एवढं काय त्यात?"

"जातो," पेठे म्हणाले.

ते यादी घेऊन खाली उतरले. पुढच्या फाटकापर्यंत गेलेही. नव्या कमानीचा सांगाडा उभा राहत होता. समोर तानाजी कुणाशी तरी बोलत उभा होता, ऐश्वर्या जाळ्या आवरत होती. दोघांचीही पाठ फाटकाकडे होती. पेठे थोडा वेळ थांबले, मग फिरले आणि मागच्या फाटकाने बाहेर पडले.

मार्टमध्ये गार होतं. ढकलगाडी कशी सोडवायची ते त्यांना एका बाईने दाखवलं. डाळ, साखर, साबण, दूध, भाजी, खरोखरच सगळं एकाच जागी होतं. यादी वीस मिनिटांत पुरी झाली. तूरडाळीची पिशवी मात्र त्यांनी दोनदा उचलून परत ठेवली. ती शिजायला सहा शिट्ट्या लागतात, हे त्या अख्ख्या दुकानात फक्त त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी तीही घेतली.

काउंटरवरच्या मुलीने सामान यंत्रापुढून सरकवलं आणि मान वर न करता विचारलं, "गल्लीतल्या सोसायटीचे मेंबर का काका? पाच टक्के डिस्काउंट आहे."

मागे चार माणसं खोळंबली होती.

"हो," पेठे म्हणाले. "बी विंग, चारशे तीन."