बहात्तर नंबरचा तुकडा

काशीरामच्या खिशात एखादे दिवशी रुमाल नसेल, पण रबराचा तो तुकडा नाही असं कधी झालं नाही. बत्ताशाएवढा, बोटभर जाडीचा, काळा कुळकुळीत. वर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं '७२' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'जाने. ८२'. साकीनाक्याच्या गाळ्यात त्याला लागून साडेतीन वर्षं झाली होती, आणि तिथून बाहेर पडलेला प्रत्येक रबरी बुश, यंत्राची थरथर झेलणारं ते छोटं नळकांडं, आधी त्याच्या अंगठ्याखालून गेला होता. डावा अंगठा तुकड्यावर, उजवा बुशवर. डोळे मिटून दाबायचं, दोन्हींचा कडकपणा जोखायचा आणि सांगायचं, "जाऊ दे," नाहीतर "परत घे." मालक श्यामकांत नव्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा, "आपल्याकडे मशीनबिशीन नाही, आपल्याकडे काशीरामकाका आहेत."

ते कौतुक आता अंगाशी आलं होतं. मुलुंडच्या एका पंप कंपनीने लागोपाठ तिसऱ्यांदा माल परत पाठवला. सोबत चिठ्ठी: बुश सत्तर नंबरचा हवा, पाच इकडे-तिकडे चालतील, तुमचा अठ्ठ्याहत्तर भरतो. एवढं कडक रबर पंपाची थरथर झेलत नाही. दिवाळीच्या आत हार्डनेस टेस्टर घ्या आणि प्रत्येक खोक्यासोबत आकडा पाठवा, नाहीतर ऑर्डर बंद. गाळ्यातलं निम्मं काम त्या एका ऑर्डरवर चालत होतं.

"त्यांचंच मशीन बिघडलंय," काशीराम म्हणाला.

"असेल ना, पण माल घेणारे ते आहेत." श्यामकांत वयाने लहान होता, पण बोलायला फटकळ. "मरोळला एक डीलर आहे. उद्या जा, तीन-चार पीस बघा आणि तुमच्या हाताला पटेल तो निवडा. ऑर्डर गेली तर आपली वाट लागली काका."

आपल्या जागी बसणारा आपणच पसंत करून आणायचा! काशीरामला रात्रभर ते लागून राहिलं. सकाळी आसल्फ्याच्या खोलीतून निघताना त्याने बायकोला रोजचा प्रश्न विचारला, "गिरणीतले कपडे नीट ठेवलंस मगे?"

"ठेवलंय हो," सुलक्षणा चुलीकडूनच म्हणाली. तीही रोज हेच म्हणायची.

गाळ्यावर येऊन त्याने आधी प्रेसवर काम करणाऱ्या सहदेवला झापलं. मांडणीवर रबराच्या जुन्या पट्ट्या तशाच पडल्या होत्या. "किती वेळा सांगायचं रे? पडून राहिलं की रबर कडक होतं. खडूने महिना लिहितो तो काय शोभेला?" मग पिशवीत चार बुश टाकून तो मरोळच्या वाटेला लागला.

वाटेत हात खिशातच होता. अंगठा तुकड्यावर फिरत होता आणि मन नेहमीप्रमाणे परळला पोचलं होतं. गिरणीत तो रोलर खात्यात होता. सूत ओढणाऱ्या रोलरांवर रबराची टोपणं चढवायची, झिजली की घासून पुन्हा गुळगुळीत करायची, हे त्याचं काम. खात्याला शंखजिऱ्याचा आणि घासलेल्या रबराचा वास असायचा. बाहेरच्याचं डोकं उठायचं त्या वासाने, पण काशीरामला त्याच्याशिवाय अजून जेवण गोड लागत नव्हतं. दर शनिवारी सुट्टीआधी धोंडू मास्तर टेबलावर पाच तुकडे मांडायचे. डोळ्यांवर मफलर बांधायचा आणि पाचांतला बहात्तरचा अंगठ्याने ओळखायचा. चुकेल त्याने सगळ्यांना कॅन्टीनमधून भजी आणून द्यायची. बारा वर्षांत काशीरामने भजी दोनदाच आणली, आणि त्यातल्या एकदा त्याला ताप होता.

संपाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी प्रयोगशाळेतून तपासून आलेला नवा तुकडा त्याच्या हातात दिला होता. "ठेव तुझ्याजवळ. आठ-पंधरा दिवसांत परत येऊ, तोवर हात बिघडू देऊ नको." काशीरामने हात बिघडू दिला नाही. रोज सकाळी चहाआधी तो तुकडा दाबायचा. मास्तर गावी जाऊन वारले, खात्यातले लोक कुठे कुठे पांगले, कोणी वॉचमन झाला, कोणी भाजी विकायला लागला. पण गिरणी उघडली की रोलर खात्याला आपल्यावाचून कोण आहे, हे काशीरामचं म्हणणं कायम होतं.

डीलरच्या ऑफिसात पद्मजा नावाची पंचविशीची बाई होती. तिने चहा मागवला आणि टेबलावर चार टेस्टर मांडले. दिसायला खिशातल्या घड्याळासारखे, फक्त खाली एक बारीक टोक. ते टोक रबरात जितकं कमी रुतेल, तितका काटा शंभराच्या जवळ जाणार.

"हा चौथा बाजूला ठेवू या," ती म्हणाली. "याचं टोक अणकुचीदार आहे, हा कडक प्लॅस्टिकसाठी. उद्या प्लॅस्टिकची चाकं करायला लागलात तर हा घ्या. तुमच्या रबराला बोथट टोकाचा लागेल. हा जर्मन, हा आपल्याकडचा, आणि हा तिसरा स्टँडवरचा."

काशीरामने पिशवीतल्या बुशना हातच लावला नाही. खिशातून तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. "हा बहात्तर आहे. जो बहात्तर सांगेल तो खरा."

जर्मनाने ऐंशी सांगितलं. देशी म्हणाला एकोणऐंशी. स्टँडवरच्याचा काटा सावकाश ऐंशीवर जाऊन थांबला.

"तिन्ही खोटे," काशीराम म्हणाला.

पद्मजा हसली नाही. तिने तपासून आलेला साठ नंबरचा ठोकळा काढला आणि तिन्ही टेस्टर त्यावर टेकवून दाखवले. तिन्ही काटे साठाला चिकटून थांबले.

"ठोकळा तुमचा, मशीन तुमचं," काशीरामचा आवाज चढला. "तो तुमच्याच बाजूने बोलणार!"

"काका, यावर जानेवारी ब्याऐंशी लिहिलंय. आज ऑक्टोबर शहाऐंशी. हा इतके दिवस कुठे होता?"

"माझ्या खिशात. दुसरा कुठे जाणार?"

"घाम, ऊन, हवा... पावणेपाच वर्षांत रबर..."

"बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हा मी रबर दाबत होतो." त्याने तुकडा उचलला आणि चहा तसाच टाकून तो जिना उतरला. साकीनाक्यापर्यंत तो पुटपुटत चालला. चार बुकं शिकून मला शिकवते! मास्तरांचा तुकडा खोटा ठरवते!

गाळ्यात सहदेव सकाळच्या पट्ट्या हातात घेऊन उभा होता. "काका, मार्चच्या आहेत या. काय करू?"

"फेकून दे. सात महिन्यांत रबर केवढं कडक..."

सहदेव वाट बघत उभा राहिला. काशीराम मांडणीला टेकला आणि त्याने खिशातला तुकडा बाहेर काढला. सात महिन्यांची पट्टी तो फेकायला सांगत होता. गिरणीत वर्षाची जुनी टोपणं त्याने स्वतः भंगारात टाकली होती, मास्तरांनी दोनदा 'राहू दे' म्हटलं तरी ऐकलं नव्हतं. ही विद्या त्याला काही मरोळच्या बाईकडून शिकायची नव्हती. फक्त या एका तुकड्याला त्याने ती कधी लावली नाही. लावली असती तर पावणेपाच वर्षं गेली हे कबूल करावं लागलं असतं. रोज थोडा थोडा तुकडा कडक होत गेला, रोज दाबून अंगठ्याला तेच बरोबर वाटत गेलं, आणि त्याच्या मागोमाग काशीराम बुशच्या रबरात ते कडक करणारी काजळी वाढवायला सांगत गेला. तीन वेळा माल परत आला तो त्याच्यामुळे. त्याला भरून आलं. सहदेवला दिसू नये म्हणून तो पट्ट्या मोजत बसला.

संध्याकाळी त्याने श्यामकांतला सगळं सांगितलं, काही हातचं राखून ठेवलं नाही.

"म्हणजे तुम्हीच घोळ घातलात!" श्यामकांत ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दुसऱ्या कोणी घातला असता ना काका, तर तो आपणहून सांगायला आला नसता. उद्या जाऊन टेस्टर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पद्मजाने पुन्हा चहा मागवला. या वेळी काशीराम तो प्याला. मग त्याने एकच बुश तिन्ही टेस्टरवर दहा-दहा वेळा तपासला. हातात धरायचे दोन्ही टेस्टर कमीजास्त दाबाप्रमाणे दोन-तीन आकडे मागेपुढे व्हायचे. स्टँडवरच्याला वरून ठरलेलं वजन होतं, कोणीही तरफ खाली आणली तरी तेच उत्तर यायचं. त्याने पद्मजाला दाबायला लावलं, चहा आणणाऱ्या बाईला लावलं. काटा जागचा हलला नाही.

"हा द्या," तो म्हणाला. "माणूस कोणी का असेना, हा तेच सांगेल."

गाळ्यात टेस्टर बसवल्यावर त्याने सहदेवला तरफ धरायला शिकवलं. काजळी कमी केली, नवे बुश एक दिवस थंड होऊ दिले आणि मगच तपासले. एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर. आकडे सहदेवने लिहिले. काशीरामने पांढऱ्या रंगाची डबी उघडली, आणि '७२, जाने. ८२'च्या खाली सावकाश लिहिलं, '८०, ऑक्टो. ८६'. तुकडा टेस्टरच्या शेजारी ठेवून तो रिकाम्या खिशाने घरी निघाला.

दारात चपला काढून त्याने नेहमीसारखे पाय पुसले आणि तो तिथेच उंबऱ्यावर बसला. सुलक्षणा पाणी घेऊन आली.

"गिरण आता उघडूची नाय गो," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं, आणि म्हणताना त्याला रडू आलं. "ते कपडे आता काढून टाक."

सुलक्षणाने तांब्या खाली ठेवला आणि ती त्याच्या शेजारी टेकली.

"गेल्या मे म्हयन्यातच फाडलंय मी ते," ती हळूच म्हणाली. "तुमी रोज कशार पाय पुसतास, बघा तरी."

काशीरामने खाली बघितलं. पायपुसणं खाकी होतं, दुहेरी घालून चांगलं घट्ट शिवलेलं, आणि एका कोपऱ्यात खिशाची शिवण अजून शाबूत होती. त्याने वाकून त्या शिवणीवर अंगठा टेकवला. किती धुतलं होतं तिने ते! अगदी मऊ झालं होतं.