काठमांडूची जागा

दीपमालाने पाहुण्यांची खुर्ची स्वतः ओढून थेट विद्यार्थ्यांच्या माइकसमोर आणली.

"मॅडम, साहेबांच्या तोंडावरच येते न ते," शिपाई प्रेमदास म्हणाला.

"येऊ दे."

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष रूपरावजी आज विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणार होते. कार्यक्रम दीपमालाच्या विश्वनागरिक मंडळाचा. देवळीचा कापूस कोणत्या देशात शर्ट होऊन विकला जातो, तो शिवणाऱ्या बाईच्या हाती काय पडतं, ग्रामसभेत कोणाला काय विचारायचं, हे सगळं या पोरांना तिनेच शिकवलं होतं. पोरं वाचू लागली, वाद घालू लागली. तिला त्यांचा अभिमान होता. पण पोटात एक जुना निखाराही होता, आणि तो तिने कधी विझू दिला नव्हता.

याच कॉलेजात शिकत असताना नैरोबीच्या युवा परिषदेसाठी तिची निवड झाली होती. पासपोर्ट आला, वडिलांनी गावभर पेढे वाटले. विमानात मात्र बसला रूपरावजींचा पुतण्या कैलास. "तुझी इंग्रजी कच्ची आहे, बेटा," एवढंच ते म्हणाले होते. पुढे कित्येक महिने वडील चावडीवरून जायचं टाळून आडवाटेने शेतात जात.

यंदा काठमांडूच्या परिषदेसाठी कॉलेजला एक जागा मिळाली. दीपमालाने मंडळातल्या गुंजनचं नाव पाठवलं. सगळ्यांत धारदार जीभ तिचीच. कालच तिला सारं सांगून म्हणाली होती, "भर सभेत इचार त्याहिले. मग पाहू, कोण कच्चं आहे ते."

गुंजन माइकपाशी आली.

"सर, नैरोबीले आमच्या मॅडमची निवड झाली होती. मग कैलासभाऊ काऊन गेले? कोणी ठरवलं?"

रूपरावजींनी रुमाल काढून मान पुसली.

"जुनी गोष्ट आहे ते, बेटा."

"जुनी आहे सर, पण उत्तर नाई भेटलं."

"मी ठरवलं होतं," अखेर ते पुटपुटले. "चुकलं ते."

दीपमालाने हाताची घडी घातली. हा पडलेला चेहरा पाहायलाच ती परत याच कॉलेजात नोकरीला आली होती. तिने तो डोळे भरून पाहून घेतला. आज बाबा इथे हवे होते, असं तिला वाटलं.

गुंजन मात्र जागेवर गेली नाही.

"दुसरा प्रश्न मॅडमले आहे." ती दीपमालाकडे वळली. "काठमांडूसाठी माझं नाव गेलं. नागेशले जायचं होतं, खुशीलेई. त्याहिले कोणी इचारलंच नाई. माझी निवड कशी झाली, मॅडम?"

सगळ्या माना वळल्या. रूपरावजींचीही. त्यांच्या डोळ्यांत कुचेष्टा नव्हती. शेजारी कोणीतरी येऊन बसावं आणि आपण जरा सरकून घ्यावं, तसं ते पाहत होते. दीपमालाला ते सहन होईना. पोरीला दंडाला धरून खाली बसवावं, असं क्षणभर मनात आलं.

"कोणालेच इचारलं नाई मी," ती म्हणाली.

मागच्या रांगेत नागेश उभा राहिला.

"मॅडम, नाव अजून बदलता येते का?"

नाही म्हणणं सोपं होतं. कोणाला कळलंही नसतं.

"येते," दीपमाला म्हणाली. "शुक्रवारपर्यंत."