माझ्यावर कुंडी ठेवू नका

मित्रांनो, मी ऐरण आहे. जुनी आहे, प्राचीन नाही. हा भेद माझ्याशेजारी फलक ठोकणाऱ्या सद्गृहस्थाला ठाऊक नसावा. फलकावर लिहिले आहे : 'लुप्त होत चाललेली ग्रामीण कला'. तो फलक ज्या चार खिळ्यांवर लटकतो, ते माझ्याच पाठीवर घडलेले आहेत.

माझा जन्म ओतशाळेतला. मला निवडले ते आताच्या लोहाराच्या आजोबांनी. त्यांनी माझ्या पाठीवर हातोडी नुसती सोडली, ती टणकन उसळली, तसे ते म्हणाले, "ही उत्तर देते. हीच हवी." तेव्हापासून मी उत्तरे देत आले. या गावात जे काही कापते, खणते किंवा दाराला अडकते, त्याने आधी माझ्या पाठीवर मार खाल्ला आहे. माझी स्तुती फारशी कुणी केली नाही. माणसे काम घेऊन पुन्हा येत, तेवढे मला पुरे होते.

मग फलक ठोकणारा तो सहलवाला आला. दर रविवारी तो पर्यटकांना 'खरे खेडे' दाखवू लागला. खरेपणासाठी त्याने भट्टीचा विजेचा पंखा पोत्याखाली झाकला आणि अडगळीतला फाटका भाता बाहेर काढला. मोटारसायकलींवरून येणारी गिऱ्हाइके छायाचित्रात नकोत, म्हणून बोथट विळ्यांसह त्यांना भिंतीआड बसवले. पर्यटकांची गाडी दहा मिनिटेच थांबे आणि खरे काम तेवढ्यात उरकत नाही. तेव्हा लोहाराने एकच सळई तापवायची, ठोकायची, बाजूला ठेवायची. पुढच्या रविवारी पुन्हा तीच. जळून जळून तिच्या खपल्या पडू लागल्या. मित्रांनो, मार मला नवा नव्हता. निरर्थक मार नवा होता.

त्यातच त्याने मला मागितले. बदल्यात एक हलकी, नवी ऐरण देणार होता. त्याच्या विश्रामगृहाच्या हिरवळीवर मी शोभेन म्हणे, वर फुलांची कुंडी ठेवून. लोहार मऊ माणूस. "बघू," म्हणाला. घण चालवते ती त्याची बायको.

गेल्या रविवारी तिने घण उचलला, तोच सहलवाला ओरडला, "वहिनी, थांबा! तसाच वर धरा. आणि जरा हसा, फोटो काढतायत."

"लोखंड निवतंय."

"निवू द्या हो. त्याचं कुठं काय बनवायचंय?"

"मग असं करा भाऊजी, घण तुम्ही धरा. मी हसते."

पर्यटक हसले. एक वृद्ध बाई मात्र काठी टेकत पुढे आल्या. "म्हणजे यातून काहीच बनत नाही? मग मी इतका वेळ उन्हात उभी कशाला?"

लोहाराने मान खाली घातली. त्याच्या बायकोला मात्र काठीच्या टोकाचे लोखंडी कडे दिसले. सांधा उघडून ते खुळखुळत होते.

"आजी, काठी द्या ती." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, बघताय काय? पंखा लावा!"

पोते उडाले, पंखा घरघरला. कडे लाल होताच माझ्या निमुळत्या टोकावर ते आवळले गेले, काठीवर चढले, लाकडाचा धूर निघाला आणि पाण्यात चर्र झाले. निवता निवता त्याने लाकूड गच्च धरले. तो आवाज भिंतीआड पोचला. खोटा ठोका आणि खरा ठोका गिऱ्हाइकांना बरोबर कळतो.

"उघडलं वाटतं दुकान!" म्हणत गिऱ्हाइके विळे घेऊन आत शिरली.

"अहो, गाडीची वेळ झाली!" सहलवाला हैराण झाला होता. "आणि ऐरणीचं काय ठरलं?"

लोहाराने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिले. "ती कामावर आहे."

मित्रांनो, खेडे पाहायला अवश्य या. तुमची हळहळ मात्र गाडीतच राहू द्या. येताना काहीतरी मोडलेले आणा, आणि रांगेत उभे राहा. तुमच्याआधी नऊ विळे आहेत.