कूमला नाही कोण म्हणणार

बोलतेय मी, पण आधी बघून घेते, समोरचा खरंच ऐकतोय का. मान हलवणारे पुष्कळ असतात. मी कानझाकणी. दोन जाड पिवळ्या वाट्या, आत स्पंज, वरून डोक्यावर बसणारी पट्टी. जिथे आवाज माणसाला खातो, तिथे माझी जात कामाला असते. आत शिरू बघणाऱ्या प्रत्येक आवाजाला दारात अडवायचं आणि विचारायचं, कुठे निघालास रे? असल्या कामाला भोळ्या स्वभावाचं कुणी चालत नाही. मी संशयी आहे आणि मला त्याची लाज नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या साच्यात झाला. ते मला आठवत नाही आणि आठवून उपयोगही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते लेस्कोवाच शहराजवळच्या एका छोट्या गिरणीत. तिथे टॉवेल विणतात. माग सुरू झाले की जमिनीखाली कुणी दगड भरडतंय असं वाटतं. तिथे मी देसांकाच्या डोक्यावर चढले. देसांका म्हणजे रुंद हाडाची, तोंडाने फटकळ बाई. मला घालण्याआधी तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला, पट्टी ताणली आणि म्हणाली, "बघू, तू तरी कामाची निघतेस का."

तेव्हाच आमचं जमलं.

तिच्या घरी तिची सासू आहे, रुझा आजी. तीही त्याच गिरणीत होती, पण तिच्या काळी माझ्यासारखं कुणी नव्हतं. बायका कानात कापसाचे बोळे घालायच्या आणि देवाचं नाव घ्यायच्या. आता आजीशी बोलायचं तर तिच्या समोर बसायचं, तिचे हात हातात घ्यायचे आणि एकेक शब्द ओठांनी नीट घडवून तिच्यापुढे ठेवायचा. घरात हे सगळ्यात छान जमतं नेवेनाला. नेवेना देसांकाची मुलगी, नऊ वर्षांची, पुढचा दात पडलेली.

आणि घराबाहेरचा, पण घरातल्यांहून वरचढ माणूस म्हणजे कूम. देसांका आणि तिचा नवरा द्रागिशा यांच्या लग्नात तो साक्षीला उभा राहिला. नेवेनाच्या बाप्तिस्म्यात तिला हातांवर त्यानेच धरलं. आमच्याकडे भावाशी भांडता येतं, बापाला उलट बोलता येतं, पण कूमला नाही म्हणता येत नाही. टेबलाशी पहिली खुर्ची त्याची, पहिला पेला त्याचा. या कूमचं नाव तिहोमीर. तरुणपणी एका बँडमध्ये जाड तारांची गिटार वाजवायचा. केस गेले, पोट आलं, पण चामडी जाकीट अजून आहे. माणूस प्रेमळ. तरीही मला तो पहिल्यापासून खटकायचा. तो फार मोठ्याने हसायचा, आणि जिथे हसायचं नाही तिथेही हसायचा.

त्या वर्षी कुळाच्या संताच्या दिवशी घर भरलं होतं. मेणबत्ती तेवत होती, पाव कापून झाला होता, कोबीच्या पानांत गुंडाळलेलं मटण टेबलावर वाफाळत होतं. मी नेहमीप्रमाणे दाराशेजारच्या खिळ्यावर. देसांका रकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन कूमच्या मागे आली आणि हळूच म्हणाली, "कूम, अजून थोडी ओतू?"

कूम वळला नाही. रकिया म्हटल्यावर आमच्या भागातला पुरुष झोपेतून उठतो, आणि हा जागा असून वळला नाही. देसांकाने डोळे बारीक केले. मीही.

इतक्यात कूम उभा राहिला, पेला उंचावला आणि मेणबत्तीच्या साक्षीने जाहीर केलं, "या उन्हाळ्यात माझ्या नेवेनाला मी निश शहरातल्या किल्ल्यात रॉकच्या कार्यक्रमाला नेणार! शब्द दिला!"

नेवेना खुर्चीवरून उडालीच. टाळ्या पडल्या. देसांकाच्या हातातली बाटली तेवढी टेबलावर जरा जोरात बसली.

"नऊ वर्षांची आहे ती," देसांका म्हणाली.

"मी सात वर्षांचा असताना बापाच्या खांद्यावर बसून गेलो होतो!"

"तरीच!" रुझा आजी शेवटच्या खुर्चीतून ओरडली. तिला नेवेनाने ओठांनी सगळं पोचवलं होतं. "तरीच तू असा झालास, तिहोमीर! नवव्या वर्षी मी गाई वळत होते!"

"गाई ओरडत नाहीत होय आजी?"

"गाई ओरडतात, पण त्यांना तिकीट लावत नाहीत!"

टेबल हसलं. द्रागिशाच्या चुलतभावाने मत दिलं की बारा वर्षं पुरी हवीत. त्याच्या बायकोचं म्हणणं, मुलींना पंधरा. कुणी म्हणालं, उंची खांद्याला लागली की न्यावं. जणू पोरगी नाही, मक्याचं पीक. मी खिळ्यावरून ऐकत होते. एकानेही पोरीच्या कानांचं नाव काढलं नाही.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात नवराबायकोचं जुंपलं.

"कूमला परत फिरवायचं? मेणबत्तीसमोर दिलेला शब्द? लोक काय म्हणतील?" द्रागिशा म्हणाला.

"लोकांचे कान जाणारेत का? तुझ्या आईकडे बघ. आणि मला त्या माणसाचाच संशय येतोय. त्याला ऐकू येत नाही."

"तिहोमीरला? अगं, तो संगीतवाला माणूस!"

"म्हणूनच."

"मग जा, सांग त्याला तोंडावर."

देसांकाने भांड्यांचा ढीग पुढे ओढला. ही बाई गिरणीच्या मालकाला चार लोकांत झापते, पण कूमला तिच्याने सांगवेना. तो अपमान धुऊन निघत नाही. तिने भांडी घासली, इतकी की एका पातेल्याचा रंग गेला. मग हात पुसले आणि खिळ्यावरून मला उतरवलं.

"नेवेना, इकडे ये."

मी पोरीच्या डोक्यावर सैल होत होते. देसांकाने टॉवेलच्या काठाची पट्टी गुंडाळून मला घट्ट केलं.

"आई, मी माशीसारखी दिसते."

"दिस. हे डोक्यावरून उतरायचं नाही, ही एक गोष्ट. दुसरी, छातीत फार धडधडलं, कान दुखले, भीती वाटली, की म्हणायचं, कूम, मागे चला. म्हणशील?"

"कूमला?"

"कूमलाच."

"पण कूमला नाही म्हणायचं नसतं. तूच सांगतेस."

देसांकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःला जे जमलं नव्हतं ते ती दात पडलेल्या पोरीकडून मागत होती, हे मला कळलं आणि तिलाही कळलं. पण ती मागे हटणारी नव्हे. खुर्ची ओढून समोर बसली, पोट पुढे काढलं, आवाज जाड केला.

"मी कूम. चल पोरी, अगदी पुढे जाऊ! आता म्हण."

"कूम, मागे..." नेवेना फिसकन हसली.

"हसू नकोस. परत."

"कूम, मागे चला ना, प्लीज."

"विनवणी नको. परत."

रोज संध्याकाळी हा खेळ चालला. कधी पोरगी हसायची, कधी रडायची, कधी अगदी पुटपुटायची. देसांकाचं एकच म्हणणं, "हे जमत नाही तोवर तू लहान. मग विशीची झालीस तरी." शेवटपर्यंत ते पुरतं जमलं नाही. कूमची गाडी दाराशी आली तेव्हा देसांका फाटकाचा गज धरून उभी राहिली.

माझा तर पोरीवरही विश्वास नव्हता. मुलांना मी ओळखते. कुणी हसलं की डोक्यावरची टोपी आधी खिशात जाते.

किल्ल्यात ऊन अजून भिंतीवर होतं. वाफाळलेली कणसं विकणारे, काळे सदरे घातलेली पोरं, गर्दी. दोन मोठ्या मुली आमच्याकडे बघून हसल्या. "ए माशी!" नेवेनाचा हात वर आला. झालं, मी म्हटलं, आता मी पिशवीत. तिने माझी एक वाटी उचलली. तेवढ्यात मंचावर ढोल कडाडला. पोरगी दचकली आणि तिने मला दोन्ही हातांनी जागेवर दाबलं. मग तीही नाचू लागली. खरं सांगायचं तर ती इतकी खुश होती की तिच्या हसण्याने माझी पट्टी हलत होती. मला त्या वाद्यांशी वैर नाही. वैर आहे ते मापात न राहणाऱ्या आवाजाशी.

पण कूम पुढे सरकत होता. नेवेनाचं मनगट धरून, गर्दी कापत, थेट मंचाच्या कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या स्पीकरपाशी. "इथे खरं वाजतं!" तो ओरडला. तिथला आवाज माझ्यासारखीलाही आवरेना. मी अर्धा अडवला, उरलेला हाडांतून शिरला. पोरीच्या मानेची शीर थडथडताना मला लागत होती. कूमच्या कानात मात्र काहीच नव्हतं आणि तो सुखाने डोळे मिटून उभा. मग मी पाहिलं, त्याने पंजा स्पीकरच्या लाकडावर पसरून ठेवला होता. तो हाताने ऐकत होता.

हा माणूस शूर नव्हता. ही जागा सोडून त्याला दुसरीकडे कुठे गाणं मिळतच नव्हतं.

"कूम, मागे चला," नेवेना म्हणाली.

कूमने हसून मान डोलावली. अशाच माना मी ओळखून आहे.

"कूम, मागे चला!"

त्याने अंगठा दाखवला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं, आता ही मोठ्यांच्या मर्जीने उभी राहील आणि रात्रभर तिच्या डोक्यात घंटा वाजत राहील, आजीच्या डोक्यात गिरणीतून आल्यावर वाजायची तशी. तेवढ्यात पोरगी त्याच्या पुढ्यात आली. त्याचा पंजा लाकडावरून सोडवला. दोन्ही हात हातात घेतले. मान वर करून, एकेक शब्द ओठांनी घडवत म्हणाली, "कूम. मी. मागे. जाणार. तुम्ही. या."

घरात ती असं एकाच माणसाशी बोलते. कूमने हे कितीदा पाहिलं होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. मग तो मुकाट्याने पोरीच्या मागोमाग निघाला.

आम्ही पार मागे, तुतीच्या झाडाखाली भिंतीपाशी थांबलो. तिथे आवाज माणसात आला होता. नेवेना तालावर टाच आपटत होती. कूम मंचाकडे बघत नुसता उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने खाली वाकून विचारलं, "आत्ता कुठलं गाणं चाललंय?"

नेवेना त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि गाण्याची ओळ न ओळ ओठांनी त्याला सांगत राहिली. शेवटच्या गाण्यापर्यंत ती मंचाकडे पाठ करून होती.

परत आलो तेव्हा देसांका फाटकातच होती. आधी तिने मला पाहिलं, पोरीच्या डोक्यावर आहे का ते. मग विचारलं, "पुढे होतात की मागे?"

"मागे!" कूम जोरात म्हणाला. "मीच म्हटलं, पोरीला झेपायचं नाही, चल मागे."

नेवेनाने बुटाच्या नाडीकडे बघितलं. देसांका एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिला खोटं कळतं, वीण सुटलेली कळते तसं. ती कॉफी करून आली आणि मुद्दाम कूमच्या पाठीमागून हळूच म्हणाली, "कूम, साखर घालू?"

नेवेनाने टेबलाखालून कूमचा गुडघा दाबला आणि नजरेने त्याला मागे वळवलं.

देसांकाने मग टेबलाला वळसा घातला. समोर बसली. ओठ नीट घडवत, सावकाश म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जा, कूम. ती नेईल तुम्हाला."

कूम हसला नाही. जिथे हसायचं नाही तिथे तो पहिल्यांदाच हसला नाही.

आता मी त्याच्या घरी असते. नेवेनाला तिच्या मापाची निळी नवी जोडी आली, देसांकाला गिरणीत दुसरी मिळाली, आणि तिने मला टॉवेलमध्ये बांधून कूमच्या हातात दिलं. "आता काय उपयोग?" तो म्हणाला. "उरलंय तेवढं तरी राखा," ती म्हणाली. माझ्या एका वाटीचा स्पंज भेगाळलाय, पट्टी ढिली झालीय, पण माझी पकड अजून शाबूत आहे. रविवारी तो गिटार काढतो तेव्हा मला चढवतो. दाराची घंटा वाजते ती त्याला ऐकू येत नाही, पण खिडकीतून कुणी येताना दिसलं की मला झटकन उशीखाली ढकलतो.

तुमच्या घरीही असं लेकरू असेल, आणि लाडाने शब्द देऊन बसलेला कुणी मोठा माणूस असेल. वय विचारत बसू नका, उंची मोजू नका. पोर मोठ्या माणसाला "मागे चला" म्हणू शकतं का ते बघा. आणि तो मोठा माणूस मागे येतो का, तेही बघा.

नेवेना आली की आधी माझी जागा बघते. मी उशीखाली सापडले तर कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहते. तो लगेच म्हणतो, "आत्ताच काढली होती, शपथ." तिला ते खरं वाटतं की नाही कोण जाणे. मला नाही वाटत. पोरगी केव्हाच मोठी झाली. पण हा माणूस कार्यक्रमाला न्यायच्या वयाचा झालाय का, ते अजून मी ठरवलेलं नाही.